काचेचे भांडे आणि त्याचा संग्राहक : वाशीम परिसराच्या निमित्ताने

१

अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा आवर्जून उल्लेख केला आहे. मेहकर विभागातील ह्या स्थानाभोवतीच्या डोंगरांत काच आणि साबण तयार करण्यास लागणारी सर्व द्रव्ये मिळतात, असे तो नमूद करतो. त्याच सुभ्याच्या सरकारांच्या यादीत बाशीम म्हणजे आजचे वाशीम हेही एक सरकार म्हणून येते. लोणार आता बुलढाणा जिल्ह्यात मोडते. परंतु वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुका त्यास लागूनच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ह्या मुलखाची ओळख दिल्लीदरबारी ज्या थोड्या गोष्टींवरून होत असे, त्यांत काचेचे साहित्य ही एक होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अबुल फज्लच्या विधानास भूमीचा आधार आहे. काच म्हणजे मुख्यतः वाळूतील वालुकांश वितळवून झालेला पदार्थ. तो एकटा वितळविण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लाकूडफाट्याच्या भट्टीत ती साधत नाही. त्यात सोड्याचा खार मिसळला म्हणजे हे मान पुष्कळ खाली येते. मात्र केवळ खार मिसळलेली काच पाण्यात विरघळते; ती टिकाऊ व्हावी म्हणून चुन्याचा अंश लागतो. लोणारच्या सरोवराचे पाणी सोड्याच्या खारांनी भरलेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठावर जमणारा हा खार गोळा करण्याचा धंदा तेथे दीर्घकाळ चालला होता, आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतींस डल्ला, पापडी अशी वेगवेगळी नावेही होती. भोवतालच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी म्हणजे वालुकांशाचेच रूप होय. ‘लोणार’ ह्या नावातील ‘लोण’ हे संस्कृत ‘लवण’ शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. उल्कापाताने निर्माण झालेल्या ह्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून, त्या आघाताच्या उष्णतेने तेथील खडकाचा काही भाग प्रत्यक्ष काचरूप झालेला आहे. २०२० साली ह्या सरोवरास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता मिळाली.

असे असता काचेच्या इतिहासात ह्या परिसराच्या नावावर एखादे भांडे मांडता येत नाही, ह्याचे कारण काय? ‘येथे काच होत नसेल’ हे उत्तर सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. धातू, माती आणि काच ह्यांच्या जतनाचे नियमच भिन्न आहेत, आणि काचेच्या बाबतीत त्या नियमाचे स्वरूप विशेष विपरीत आहे. फुटलेले मडके कोणाच्याही उपयोगाचे नसते. म्हणून ते उकिरड्यावर पडते आणि हजार वर्षांनी उत्खननात सापडते. फुटलेली काच मात्र भट्टीवाल्यास हवी असते. कच्च्या द्रव्यांत फुटकी काच मिसळली असता मिश्रण लवकर वितळते व इंधन वाचते. त्यामुळे जुन्या बाटलीतून नवी बाटली आणि जुन्या बांगडीतून नवी बांगडी निपजते. काचेचा शत्रू केवळ तिचा ठिसूळपणा नव्हे. तिचा पुनरुपयोग हा तिच्या इतिहासाचा त्याहून मोठा शत्रू होय.

वाशीमचेच दुसरे उदाहरण घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे हे नगर. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट येथे १९३९ साली उजेडात आला. त्याचा काही भाग संस्कृतात व काही प्राकृतात आहे. तांबेही वितळविता येते. तरीही तो ताम्रपट टिकला. कारण त्यावर अक्षरे होती आणि त्या अक्षरांत भूमीचा हक्क होता. काचेच्या भांड्यावर असा हक्क कोरलेला नसतो. ते जतन करावयाचे तर कोणीतरी ते जतन करण्याजोगे आहे असे मुद्दाम ठरवावे लागते. असे ठरविणारा मनुष्य म्हणजे संग्राहक.

२

संग्राहकांनी काचेचा इतिहास कसा घडविला ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील वसाहतवाल्यांनी १६०८ साली जेम्सटाउन येथे काचेची भट्टी उभारण्याचा प्रयत्न केला. तो फार काळ टिकला नाही. पहिला दीर्घकाळ चाललेला कारखाना कॅस्पर विस्टर याने १७३९ साली न्यू जर्सीत काढला. पेनसिल्व्हेनियात हेन्री विल्यम स्टीगल याने १७६० नंतरच्या दशकात उंची भांडी काढण्याचा घाट घातला आणि १७७४ साली त्याचे दिवाळे वाजले. जॉन फ्रेडरिक आमेलुंग याने १७८४ साली मेरीलँडमध्ये न्यू ब्रेमेन येथे कारखाना मांडला. तोही शतक संपण्यापूर्वी बंद पडला. ह्या कारखान्यांची भांडी नित्य वापरातील होती. ती फुटत, वितळत, माळ्यावर पडत. सुमारे शंभर वर्षे त्यांची कोणी दखल घेतली नाही.

पुढे एडविन ॲटली बार्बर याचा अमेरिकन काचेवरील छोटा ग्रंथ १९०० साली आला. फ्रेडरिक विल्यम हंटर याचा स्टीगलवरील ग्रंथ १९१४ साली, ऱ्ही मॅन्सफिल्ड निटल हिचा १९२७ साली आणि जॉर्ज व हेलन मॅककेरिन ह्यांचा विस्तृत ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. ह्यांपैकी बहुतेकांचा संग्रहाशी वा जुन्या वस्तूंच्या व्यवहाराशी जवळचा संबंध होता. घरोघरी फिरून जमविलेली बाटली, वाडगा, मिठाचे भांडे हेच त्यांचे दप्तरखाने होते. १९५१ साली न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग येथे केवळ काचेसाठी वाहिलेले संग्रहालय उघडले, तेव्हा त्यामागे अर्धशतकाची ही खटपट उभी होती.

ह्या संग्राहकांनी भांडे वाचण्याची एक पद्धती सिद्ध केली. तिची मूळ तत्त्वे साधी आहेत. कारागीर फुंकनळीच्या टोकाशी वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो फुगवितो. नंतर तळाशी लोखंडी दांडी चिकटवून भांडे नळीपासून मोडून घेतो व त्याचे तोंड घडवितो. शेवटी दांडी तोडली म्हणजे तळाशी खरखरीत व्रण राहतो. हा व्रण हाताने घडविलेल्या भांड्याची पहिली खूण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर दांडीऐवजी भांडे चिमट्यासारख्या पकडीत धरू लागले, तेव्हा बाटल्यांवरील हा व्रण क्रमाने नाहीसा झाला. काच साच्यात फुंकली असेल तर साच्याची पाने जेथे मिळतात तेथे अंगावर बारीक उंच रेषा उठते. १८२० नंतरच्या दशकात तरफेच्या यंत्राने काच साच्यात दाबण्याची रीत अमेरिकेत रुळली, आणि तशा भांड्यांची आतील बाजू गुळगुळीत व बाहेरील बाजू नक्षीदार होऊ लागली. मायकेल ओवेन्स याने १९०३ च्या सुमारास बाटल्यांचे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले; त्यानंतर साच्याची रेषा बाटलीच्या ओठावरूनही जाऊ लागली. म्हणून रेषा गळ्याशी थांबते की ओठापर्यंत पोहोचते, एवढे बोटाने चाचपून बाटलीचा काळ स्थूलमानाने सांगता येतो.

ह्याच पद्धतीची मर्यादाही अमेरिकेत दिसून आली. स्टीगलच्या नावाभोवती संग्राहकांत एवढे वलय निर्माण झाले की रंगीत, नक्षीदार जे जे दिसेल ते ते त्याचेच असे मानण्याची प्रवृत्ती वाढली. स्टीगलने आपल्या कारखान्यात युरोपातून आणलेले कारागीर ठेविले होते आणि युरोपीय वळणाचाच माल काढला होता. त्यामुळे त्याची भांडी व परदेशाहून आयात झालेली भांडी ह्यांत भेद करणे कठीण होते. अखेर अभ्यासकांस ‘स्टीगल धर्तीचे’ असा सावध शब्द योजावा लागला. उलट आमेलुंगच्या बाबतीत प्रश्न बराच सुटला, तो अक्षरांमुळे. १७८८ सालच्या त्याच्या एका झाकणदार चषकावर कारखान्याचे नाव, राज्य व वर्ष कोरलेले आहे. त्याच्या आधारे त्याची इतर भांडी ओळखता येऊ लागली. रूप फसवू शकते. नाव आणि स्थळ नोंदलेले असेल तर रूपासही अर्थ येतो, हा त्यातील धडा होय.

३

महाराष्ट्रात काचेच्या इतिहासाचा आरंभीचा भाग जमिनीतून वर आला आहे, आणि तो मुख्यतः मण्यांचा व बांगड्यांचा आहे. ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचा उल्लेख असून, त्या बंदराशी जोडलेली अंतर्भागातील मोठी व्यापारी ठाणी म्हणून पैठण व तगर म्हणजे आजचे तेर ह्यांची नावे येतात. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावाच्या परिसरातून जमविलेल्या प्राचीन वस्तूंतून पुढे शासकीय संग्रहालय उभे राहिले. एका व्यापारी गृहस्थाच्या नादातून एका नगराचा पुरावा कसा वाचतो, ह्याचे ते उत्तम निदर्शक आहे. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या विद्यमाने झाले. त्यात मिळालेल्या बहामनीकालीन रंगीबेरंगी बांगड्यांनी दख्खनच्या काचकामाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ह्या उत्खननात हसमुख धीरजलाल सांकलिया ह्यांचे सहकारी असलेले मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांनी पुढे वऱ्हाडात कौंडिण्यपूर येथेही उत्खनन केले. भारतीय काचेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला.

भांड्यांच्या बाबतीत मात्र जमिनीपेक्षा भाषेचा साठा अधिक बोलका आहे. ‘काच’ हा शब्द शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या घोड्याच्या आयाळीत ओवावयाच्या मण्यांसाठी येतो. म्हणजे शब्दाच्या जुन्या वापरातही भांडे नसून मणी आहे. बांगड्या विकणाऱ्या एका समाजाचे नाव ‘मणियार’ हे ‘मणिकार’ शब्दाचे रूप होय. व्यवसाय बांगडीचा आणि नाव मण्याचे, ह्यावरून मणी व बांगडी ही एकाच कुळीची कामे होती हे ध्यानात येते. बांगडीभोवती तर भाषेने सोवळे पाळले आहे. ती ‘फुटली’ असे म्हणत नाहीत, ‘वाढवली’ असे म्हणतात.

भांड्यांसाठी आलेले शब्द पाहिले म्हणजे निराळेच चित्र दिसते. ‘शिशी’ फारसी ‘शीशा’वरून, ‘पेला’ फारसी ‘पियाला’वरून, ‘बाटली’ युरोपीय व्यापाराबरोबर. तेल-तूप साठविण्याचे देशी पात्र ‘बुधला’ आणि त्याचे लहान रूप ‘बुधली’. पण मोल्सवर्थच्या कोशात बुधला चामड्याचा सांगितला आहे, काचेचा नव्हे. संस्कृत कुळीचा नि खऱ्या अर्थाने काचपात्रास लागू पडणारा शब्द म्हणजे वैद्यांची ‘काचकुपी’. पारा व गंधक ह्यांची कज्जली ह्या कुपीत भरून, तिला बाहेरून कापड व माती ह्यांचे सात लेप देऊन, ती वालुकायंत्रात म्हणजे वाळूच्या भांड्यात पुरून तापवितात. रसायन कुपीच्या गळ्याशी जमते, आणि ते काढण्यासाठी शेवटी कुपी फोडावी लागते. जे पात्र फोडल्यावाचून त्याचे कार्य पुरे होत नाही, ते संग्रहात कसे सापडावे? शब्द राहिला, वस्तू गेली.

४

वऱ्हाडच्या घराघरांत काचेचे भांडे पोहोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचे धागे योगायोगाने अमेरिकेशीच जुळतात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि मुंबई बंदरी उतरलेला परदेशी माल त्याच मार्गाने वऱ्हाडच्या बाजारपेठांत येऊ लागला. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकन खनिज तेलाचे डबे आले. मराठीत त्या तेलास मिळालेली दोन्ही नावे इंग्रजीच्या अपभ्रंशातून झाली : ‘रॉक ऑइल’चे रॉकेल आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट. तेलाबरोबर दिव्याची काच आली. इंग्रजी ‘चिमनी’ मराठीत ‘चिमणी’ झाली, आणि अंगणातल्या पाखराचे नाव घेतलेली ही चिमणी अल्पावधीत इतकी घरची झाली की काच नसलेल्या रॉकेलच्या लहानशा दिव्यासही लोक चिमणीच म्हणू लागले. औषधाच्या बाटल्या, अत्तराच्या कुप्या, आणि हायरम कॉड ह्या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली काढलेल्या नमुन्याची, गळ्यात काचेची गोळी अडकवलेली सोड्याची बाटली ह्यांनी बाजार भरला. बाटल्यांच्या धंद्यावरून ‘बाटलीवाला’ हे पारशी आडनाव रूढ झाले.

हा माल परदेशी होता, आणि त्यास उत्तर म्हणून महाराष्ट्राने जे केले ते काचेच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडण्याजोगे आहे. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे ह्यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे आरंभीचे तज्ज्ञ होते. ह्या कारखान्याचे महत्त्व केवळ त्याच्या मालात नव्हते. ती कारागिरांची शाळाही होती, आणि तेथे शिकलेली माणसे पुढे अन्य ठिकाणच्या काचकारखान्यांत पसरली. १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाड स्थानकाजवळ, ओगले काचकारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदिलाने परदेशी कंदिलास टक्कर दिली आणि कारखान्याभोवती वसलेल्या गावास ओगलेवाडी हे नाव मिळाले. किर्लोस्करवाडीप्रमाणेच येथेही एका उद्योगाने नकाशावर नाव कोरले.

कंदिलाच्या काचेस दुहेरी परीक्षा द्यावी लागते. आतून ज्योतीची आच आणि बाहेरून वाऱ्याचा वा पावसाचा गारवा. काच सावकाश निवविली नसेल तर आतला ताण कायम राहतो आणि पहिल्याच थेंबाने ती तडकते. म्हणून कारखान्यात भांडे घडल्यावर ते तापलेल्या कोठीत ठेवून हळूहळू निववितात. तळेगाव व ओगलेवाडी येथील कामगारांस हे कसब वाळू, सोडा व कोळसा ह्यांची जुळवाजुळव करीत आत्मसात करावे लागले. त्यांच्या यशापयशाचा सर्वांत प्रामाणिक पुरावा अहवालांत नाही. तो त्या काचेत आहे. तिच्यातील बुडबुडे, हिरवट झाक, जाडीतील फरक आणि साच्याची रेषा ही त्या प्रयोगांची अक्षरे होत.

५

महाराष्ट्रात संग्राहकांची परंपरा नाही असे नव्हे. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी १९२० च्या सुमारास नित्य वापरातील जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती ह्यांसारख्या उपेक्षित वस्तूंस त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १९७५ साली आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनी अडकित्त्यासाठी जे केले, ते तळेगावच्या बाटलीसाठी आणि ओगलेवाडीच्या काचेसाठी होणे आवश्यक आहे. मण्यांस पुरातत्त्वाने वाचविले, शब्दांस कोशांनी वाचविले. मधली दीडशे वर्षांची काच मात्र अजून भंगारवाल्याच्या तराजूत आहे. वीज आल्यावर कंदील उतरले, प्लास्टिक आल्यावर बाटल्या गेल्या. आता ज्या घरांत त्या वस्तू आहेत तेथे त्या अडगळ म्हणून आहेत, आणि अडगळीचे आयुष्य पुढच्या आवराआवरीपुरतेच असते.

ह्या कामास वाशीमसारखा जिल्हा विशेष अनुकूल आहे. कारखाना जेथे असतो तेथे केवळ त्याचाच माल दिसतो. कारखान्यांपासून दूर असलेल्या बाजारपेठेत मात्र देशी-परदेशी सर्व प्रकारच्या मालाची गाठ पडते. कारंजा येथील जुन्या व्यापारी पेढ्या, रिसोड व मंगरुळपीर येथील आठवडी बाजार, वैद्यांची व अत्तरवाल्यांची दुकाने ह्या मार्गाने काच खेड्यापर्यंत जाते. एका कपाटात उरलेली चिमणी परदेशी, दुसऱ्यात तिच्याशेजारी उरलेली देशी, हा क्रम नोंदला गेला तर स्वदेशीची चळवळ वऱ्हाडच्या एखाद्या खेड्यात नेमकी किती उतरली, हे भाषणांवरून न कळणारे सत्य कळेल.

त्यासाठी खर्च फारसा नाही. शिस्त मात्र हवी. प्रत्येक वस्तूबरोबर ती कोणत्या गावी, कोणत्या वापरात मिळाली हे लिहून ठेवावे. तळाचा व्रण, साच्याची रेषा व ओठाची घडण तपासावी. अंगावर किंवा तळाशी उठलेले एकेक अक्षर, मग ते कोणत्याही लिपीत असो, ठसा घेऊन जपावे. नक्षीच्या सौंदर्यावरून कारखान्याचे नाव ठरविण्याची घाई करू नये. स्टीगलच्या संग्राहकांचा अनुभव त्यासाठी पुरेसा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या घरातील वृद्ध स्त्री त्या वस्तूस कोणत्या नावाने हाक मारते ते तिच्याच उच्चारात टिपून घ्यावे. शिशी, कुपी, बुधली, बाटली ह्यांतील भेद तिला वापरातून ठाऊक असतो; कोशास तो व्याख्येतून सांगावा लागतो. वस्तू मिळाली आणि नाव गेले, तर संग्रहात एक मुके भांडे वाढते.

अबुल फज्लने लोणारच्या डोंगरांत काचेचे साहित्य आहे एवढे लिहून ठेविले, म्हणून चारशेहून अधिक वर्षांनी त्या विधानाचा विचार करता येतो. ते साहित्य भट्टीत कोणी घातले, त्यातून काय घडले, ते कोणाच्या हाती गेले, हे लिहिणारा त्या काळी कोणी नव्हता. तळेगाव आणि ओगलेवाडी ह्यांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. त्यांची काच अद्याप घरांतून आहे आणि ती वापरलेली माणसेही अद्याप बोलती आहेत.